मरून ठिपका

गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणत, कारण बंद पडलेला टीव्ही असो की पोरांचा गेम खेळायचा कन्सोल, त्याच्या टेबलावरून सहसा चालता होऊनच परत जाई. मशीनचं झाकण लावताना तो एका स्क्रूवर बायकोच्या मरून नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. मागाहून कुणी उघडलं की ठिपका तडकायचा आणि भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड आपोआप बंद व्हायचं.

काही कन्सोल मात्र तो पडद्याआड उघडायचा. आत एक चिप बसवली की कंपनीने घातलेलं कुलूप निघतं आणि नकली गेम फुकट चालतात. दुरुस्ती कायद्यात बसते, हे कुलूप फोडणं बसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मशीन तुमचं, कुलूप तुमचं. आपल्याच घराचं कुलूप तोडलं तर चोरी होते का?" गिऱ्हाईक हसायचं आणि डॉक्टर वेळ मारून न्यायचा.

असेच तीन कन्सोल त्याने मेव्हण्याच्या दुकानात विकायला ठेवले. बायकोचा हा धाकटा भाऊ, नाकासमोर चालणारा. त्याला चिपचं सांगायचं डॉक्टरने आज-उद्या करत टाळलं. मग धाड पडली, मेव्हण्याला उचललं, आणि मशीन तपासायला जाणकार म्हणून चौकीत बोलावणं आलं ते नेमकं डॉक्टरलाच. नातं कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

मेव्हणा बाकावर मान खाली घालून बसला होता. टेबलावरच्या दोन कन्सोलचे स्क्रू कोरे होते. तिसऱ्यावर मरून ठिपका होता.

"चिप मागाहून बसवलीय?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"म्हणजे बेकायदेशीर."

"हो."

"कुणाचं काम, सांगता येईल?"

डॉक्टरने मरून ठिपक्यावर अंगठा ठेवला. "नाही साहेब. कामावर नाव थोडंच लिहिलेलं असतं?"

मेव्हणा जामिनावर सुटला, पण दुकानाला सील लागलं आणि गुन्हा त्याच्याच नावावर राहिला. डॉक्टर त्याला घरी घेऊन आला. बायकोने भावाला जवळ घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बरं झालं तुम्ही होतात. आपलं माणूस असलं की आधार असतो." डॉक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती चहा टाकायला आत गेली, तसा मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, धाड येतेय कळल्यावर दोन ठिपके मी पुसले. तिसऱ्याला हात लावणार तोवर ते आत शिरले."

"तुला माहीत होतं?"

"ताईचं नेलपॉलिश मी ओळखणार नाही? लहानपणी तिच्या बाटल्या सांडून किती मार खाल्लाय."

"मग चौकीत गप्प का राहिलास?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर डॉक्टरला उलट बोलता आलं असतं. तो उठला, आरशापुढची नेलपॉलिशची बाटली खिशात घातली आणि चपला चढवल्या.

"अहो, चहा होतोय. कुठे निघालात?" बायकोने आतून विचारलं.

"चौकीत," तो म्हणाला. "साहेबांना एक गोष्ट सांगायची राहिली. आधी तुला सांगतो, जरा बाहेर ये."