घाडी मेस्त्री बँजो वाजवायचे

घाडी मेस्त्री गेल्याची बातमी मला व्हॉट्सअॅपवरच्या एका छोट्याशा व्हॉइस मेसेजने कळली. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात एक मीटिंग संपवून मी दुसरीकडे निघालो होतो. कामगारांच्या कॅम्पवर त्यांच्याच खोलीत राहणारा बिहारचा एक वेल्डर बोलत होता, "साब, घाडी चाचा नहीं रहे. छुट्टी पे गाँव गए थे ना... सुबह चाय पी, और बस, बैठे-बैठे." मागे कुठेतरी ग्राइंडर चालू होता. मी जोडलेले हात पाठवले, ‘ओम शांती’ लिहिलं आणि दुसऱ्या मीटिंगमध्ये जाऊन बसलो. मीटिंग चांगली झाली. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण असे लेख लिहिणाऱ्यांच्या पायाखालची जमीन बातमी ऐकताक्षणी सरकते, असं मी वाचत आलो आहे. माझी सरकली नाही. जे व्हायचं ते सावकाश झालं, आणि त्याला आता दोन महिने होतील.

यशवंत घाडी हे सिंधुदुर्गातल्या एका लहान गावचे सुतार. शारजात एका मेंटेनन्स कंपनीत ते सोळा-सतरा वर्षं होते. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठे. आमची ओळख चार वर्षांची आणि तिचं निमित्त बँजो. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बँजो नव्हे. अमेरिकेच्या डोंगराळ भागातला, डफासारख्या गोल चामड्यावर लांब दांडी बसवलेला, पाच तारांचा. या माणसाला आयुष्यात माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. ती देणं माझ्या हातात होतं, खर्च शून्य होता, आणि मी ती दिली नाही. हा लेख त्याबद्दल आहे, बाकीच्या आठवणी वाटेत येतील तशा येतील.

तो बँजो माझ्याकडे आला आमच्या ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याकडून. तो नोकरी सोडून मायदेशी परतत होता आणि जाण्याआधी दोन-तीन महिने जेवणाच्या सुटीत त्याने मला वादनाची जुनी रीत दाखवली. तिला क्लॉहॅमर म्हणतात. पंजा अर्धवट मिटायचा, दारावर टकटक करताना असतो तसा, आणि तर्जनीच्या नखाची पाठ वरून तारेवर टाकायची. तार खेचायची नाही, उचलायची नाही, नुसतं पडायचं. एकदा एका तारेवर, एकदा सगळ्यांवर मिळून, आणि शेवटी अंगठ्याने वरची आखूड पाचवी तार सोडायची. सांगायला तीन ओळी लागतात. मी पन्नाशीला टेकलेला इंजिनियर, कॉलेजात गिटार वाजवलेला. मला वाटलं महिन्याभरात जमेल. आठ महिने झाले तरी आमच्या अल नहदातल्या फ्लॅटमधून शेजाऱ्यांना फक्त कोणीतरी पत्र्याचा डबा आपटतंय एवढंच ऐकू जात होतं. माझी बायको मेधा स्वभावाने सोशिक आहे, पण तिनेही एकदा विचारलं, "याचं गाणं कधी होतं?"

मेस्त्री आले ते स्वयंपाकघरातल्या कपाटाची बिजागरी बदलायला, बिल्डिंगच्या मेंटेनन्सतर्फे. ऑगस्ट होता. शारजाच्या दमट हवेने बँजोचं चामडं ढिलं पडलं होतं आणि तो सोफ्यावर तसाच पडला होता. जाता जाता मेस्त्रींनी नुसती एक टिचकी मारली.

"साहेब, चामडं उतरलंय."

मग कळलं की गावी दशावतारात ते पखवाज वाजवायचे. मी नको नको म्हणत असताना त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि कडेचे नट आवळायला घेतले. एकाच बाजूचे सलग नाही, तर गाडीच्या चाकाचे आवळतात तसे समोरासमोरचे, प्रत्येकाला जेमतेम पाव फेरा, मधूनमधून कान लावून. मेधाचा केस वाळवायचा ड्रायरसुद्धा लांबून फिरवला. "आता बघा हां," म्हणाले. मी वाजवलं. वाद्य आठ महिन्यांत पहिल्यांदा बोललं, मी मात्र होतो तिथेच होतो. मेस्त्री दारात बूट चढवत ऐकत होते. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की या प्रकाराला क्लॉहॅमर म्हणतात. ते खुदकन हसले आणि पिशवीतली खिळे उपटायची हातोडी, जिला क्लॉ हॅमरच म्हणतात, ती वर करून म्हणाले, "हा तर माझ्याकडे पण आहे." आणि मग एक पाय बुटात, एक बाहेर, अशा अवस्थेत त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी माझ्या अमेरिकन मित्राला सांगता आली नव्हती. "तुम्ही अंगठ्याला मागनं बोलवताय, साहेब. हात खाली पडतो ना, तेव्हाच अंगठा तिथं जाऊन बसलेला पायजे. मग हात उचलला की तो आपोआप सुटतो. मोजायचं काय त्यात?"

पुढच्या रविवारी ते शारजाबाहेरच्या सजा भागातल्या कॅम्पवरून बस बदलत स्वतःहून आले, आणि मग येतच राहिले. सकाळी अकराला बेल वाजायची. आल्या आल्या आधी काहीतरी दुरुस्त करायचे; ड्रॉवर, पडद्याचा दांडा, नाहीतर मुलीच्या टेबलाचा डगमगणारा पाय. काम केल्याशिवाय आमच्या सोफ्यावर बसायला त्यांना संकोच वाटायचा, आणि आमच्या घरातल्या दुरुस्त्या संपल्या तेव्हा ते गालिच्यावर बसायला लागले. मी शिकवायचो, म्हणजे व्हिडिओ लावायचो. ते एकदा ऐकायचे, दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकायचे, आणि तिसऱ्यांदा वाजवायचे. खोलीत सहा माणसं असल्यामुळे कॅम्पवर सराव करणं शक्यच नव्हतं. ते कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मांडीवर हात चालवत. उजव्या तर्जनीचं नख त्यांनी राखलं होतं, आणि सुताराच्या हाताला नख टिकत नाही म्हणून कामावर हातमोज्याचं एक बोट कापून ते त्यावर चढवून चिकटपट्टी लावायचे. खोलीतली पोरं त्यांना ‘दुल्हन’ म्हणायची. ते हे सांगून स्वतःच हसायचे.

वर्षभरात ते माझ्या पुढे गेले. मला ते कळत होतं, पण आपल्याला कळतंय हे मान्य करायची घाई कोणाला असते? एकदा मेधा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "नक्की कोण कोणाला शिकवतंय रे?" मी हसलो. आमची ईरा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने फोनमधून डोकं न काढता निकाल दिला, "बाबा, ही इज वे बेटर दॅन यू." मेस्त्री घाईघाईने म्हणाले, "नाय नाय, साहेबांचंच शिकलंय सगळं." त्या वाक्याने मला बरं वाटायला नको होतं. वाटलं.

अबुधाबीत महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी या संगीताचे वेडे जमतात. मार्गरेट नावाची साठीची बाई फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवते, तिच्याच घरी. सात-आठ जण गोल करून बसतात, श्रोते नाहीत, टाळ्या नाहीत, समोर नोटेशनचा कागद नाही. एक चाल घ्यायची आणि ती पंधरा-वीस वेळा फिरवत राहायची, येईल त्याने त्यात शिरायचं. मी तिथे जायचो आणि कडेकडेने शिरायचो. मेस्त्रींना मी त्याबद्दल सांगितलं होतं, खरं तर मिरवलं होतं. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला. इतकी वर्षं पखवाज वाजवलेला माणूस. माझ्या फ्लॅटमध्ये एकट्याने वाजवणं म्हणजे त्यांच्या हिशेबी निम्मंच वाजवणं होतं. दर महिन्याला ते अगदी सहज आवाजात विचारायचे, "साहेब, तिथं मी येऊ काय एकदा? नुसता बाजूला बसंन." मी म्हणायचो पुढच्या वेळी, इन्शाल्ला. कधी गाडीत सामान असायचं, कधी मला परस्पर दुसरीकडे जायचं असायचं. गाडीत सामान कधीच नव्हतं. मेधाला वाटायचं मला त्यांच्या कपड्यांची लाज वाटते, आणि मी तिला तसं वाटू दिलं, कारण खरं कारण त्याहून हलकं होतं. मला भीती वाटत होती की ते तिथे वाजवतील, आणि मग त्या गोलात मी कोण?

शेवटी नेलं. मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, आणि डब्यात खोलीतल्या पोरांनी केलेल्या शेवया. मी मार्गरेटला ओळख करून दिली: धिस इज मिस्टर घाडी, ही लुक्स आफ्टर माय बँजो. ते गोलाच्या बाहेर भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. तासाभराने मार्गरेटने कोपऱ्यातला जादा बँजो उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. मेस्त्रींनी हात पॅंटला पुसले. दोन्ही हात पुढे केले... आणि मी म्हणालो, "नो नो, ही डझन्ट प्ले. ओन्ली मेंटेनन्स."

त्यांना इंग्रजी बोलता फारसं येत नसे. समजायचं मात्र सगळं. त्यांनी हात मागे घेतले आणि हसून मान हलवली, माझं बरोबर आहे अशा अर्थी. परतीच्या वाटेवर दीड तास ते मुलाच्या बारावीबद्दल आणि गावच्या रस्त्याबद्दल बोलत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं असेल दोनदा. नाक्यावर उतरताना "थँक्यू साहेब, चांगलं ऐकायला मिळालं" म्हणाले. पुढच्या रविवारी अकराला बेल वाजली, आणि मला वाटलं, चला, खलास, विषय संपला. त्यानंतर अबुधाबीला जायचं मीच बंद केलं. प्रोजेक्टचं कारण दिलं. मार्गरेटने दोन-तीनदा मेसेज केले, मी ते पुरते न वाचताच बिझी असल्याची उत्तरं दिली.

ते गेल्यावर पहिला रविवार आला तो नेमका महिन्याचा पहिला होता. घरात अकरा वाजले आणि मला तिथे बसवेना. मी बँजो गाडीत टाकला आणि दीड वर्षाने अबुधाबीला गेलो. मार्गरेटने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं, "मिस्टर घाडी?" मी सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला आणि आत जाऊन सगळ्यांना सांगितलं. एका मोठ्या दाढीवाल्या माणसाने टोपी काढली. मला काही केल्या कळेना, एकदा भिंतीजवळ बसून गेलेल्या माणसासाठी हे सगळं कशाला.

ते एकदा बसून गेलेले नव्हते. त्यानंतर जवळजवळ दर पहिल्या रविवारी ते तिथे जात होते. सजाहून शारजाच्या स्टँडवर, तिथून अबुधाबीची बस, पुढे शहर बस. जायला चार तास, यायला चार. मला सांगायचे की आज ओव्हरटाइम आहे, आणि मी एकदाही पुढे काही विचारलं नव्हतं. तो जादा बँजो ते वाजवायचे. मार्गरेट म्हणाली, पहिल्या दिवशीच आम्ही थक्क झालो, तू किती चांगला शिकवतोस! "साहेब माय टीचर," असं ते प्रत्येक वेळी सांगायचे म्हणे. आणि मग तू त्या दिवशी ते वाजवत नाहीत असं का म्हणालास, हेही त्यांनी आम्हाला सांगितलं: साहेब बरोबर बोलले, त्या दिवशी हाताला लागलं होतं.

हाताला काही लागलेलं नव्हतं. माझा खोटेपणा त्यांनी माझ्या पाठीमागे, मोडक्या इंग्रजीत, अनोळखी माणसांसमोर झाकून टाकला होता, आणि त्याचा मला पत्ताही लागू दिला नव्हता. लोक म्हणतात मेलेल्या माणसाचं ऋण फेडता येत नाही. जिवंत असतानाही मला ते दिसलं नव्हतं, मग फेडणं दूरच.

मार्गरेट म्हणाली, आज त्यांची चाल तू सुरू कर. कसली चाल? दशावतारात राक्षस रंगमंचावर येताना पेटीवाला वाजवतो ती. मेस्त्रींनी ती बँजोवर बसवली होती. अर्थ विचारला तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "डेंजर मॅन कमिंग", आणि तेच तिचं नाव पडलं होतं. आठही जण माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, मला ती येत नाही, त्यांनी मला कधी ऐकवली नाही. मग म्हणालो, त्यांच्या हाताला काहीही झालं नव्हतं, मी खोटं बोललो होतो, आणि त्यांना मी शिकवलेलं नाही; उलट मला जे थोडंफार येतं ते त्यांचं आहे. इंग्रजीत हे फार लहान वाटलं. मार्गरेटने फिडल हनुवटीखाली घेतलं आणि म्हणाली, "देन सिट डाउन अँड लर्न इट." त्यांनी चाल सुरू केली. त्या खोलीत ती न येणारा मी एकटाच होतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मला रडू आलं. कोणी वाजवायचं थांबवलं नाही, हे बरं झालं.

परवाच्या पहिल्या रविवारी पुन्हा गेलो होतो. पहिला भाग आता बरा जातो, दुसऱ्यात अजून चुकतो. एक नवीन बाई आली होती, नुकतीच इथल्या हॉस्पिटलात नोकरीला लागलेली. चाल संपल्यावर तिने विचारलं, ही कुठली, मी कधी ऐकली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "इट्स यशवंत घाडीज. ही प्लेड द बँजो."