कॅसेटवरचं नाव

माझ्या वडिलांचा आवाज अख्ख्या बीड जिल्ह्याला पाठ आहे आणि वडिलांना मात्र कुणी ओळखत नाही. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. हे मी कौतुकानं सांगतेय की रागानं, असं विचाराल तर दोन्ही. अण्णांच्या बाबतीत मला एका वेळी एकच गोष्ट कधी वाटलीच नाही.

मी तिसरीत होते तेव्हा अण्णांच्या शाहिरी पार्टीची कॅसेट निघाली. सहा गाणी होती. त्यातलं सासू-सुनेच्या भांडणाचं गाणं असं काही चाललं, की माजलगावच्या आडतीवर हमाल ते म्हणत पोती उचलायचे. कॅसेटी गेल्या, मोबाइल आले, तरी गाणं हटलं नाही. आज आमच्याकडं ते वाजल्याशिवाय नवरदेवाला हळद लागत नाही. आणि कॅसेटच्या कव्हरवर 'गायक' म्हणून नाव कुणाचं? अण्णांच्या वस्तादांचं. खाली बारीक अक्षरात 'आणि साथी'. आमचे अण्णा त्या साथीत.

वस्ताद म्हणजे अण्णांचे गुरू, बीडजवळच्या पालीचे. पार्टी त्यांची, चाली त्यांच्या, अण्णांचा गळा घडवला तो त्यांनीच, हे सगळं मान्य. पण कॅसेटमध्ये पुढं गातात ते अण्णा. स्टुडिओवाल्यानं गायकाचं नाव विचारलं आणि आमच्या या शहाण्या माणसानं वस्तादांचं नाव सांगितलं. कॅसेट बाजारात यायच्या आधीच वस्ताद वारले, म्हणजे दुरुस्त करा म्हणणारंही कुणी उरलं नाही. का सांगितलं म्हणून मी शंभरदा विचारलं असेल. उत्तर एकच: "तसंच असतंय."

माझं वडवणीत ऑनलाइनचं दुकान आहे. आधार, पॅन, पीकविमा, जातीचा दाखला. दिवसभर मी दुनियेची नावं दुरुस्त करते. आधारवर एक वेलांटी चुकली तरी माणूस तीन चकरा मारतो, आणि माझ्या बापाचं अख्खं नाव गायब, त्याचं कुणालाच काही नाही.

एकदा एक डीजेवाला परवान्याचा कागद काढायला आला. त्याच्या फोनची रिंग वाजली, तर तेच गाणं. म्हणाला, "काय गळा हाय राव! गाणारा वारला म्हणतेत. न्हाईतर हळदीलाच आणला असता." अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हाव. लई मोठा माणूस होता."

माझं डोकंच सटकलं. डीजेवाला गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तुमी जिवंत हाव का मेलाव? एकदा सांगून टाका, म्हंजे मला दाखला काढायला बरा."

"कावून वरडतीस?" अण्णा शेंगा फोडतच होते. "गाणं लोकायला आवडतंय ना? मग झालं की."

झालं कसं? त्याच आठवड्यात एक म्हातारे ढोलकीवाले कलाकारांच्या मानधनाचा फॉर्म भरायला आले होते. त्यांनी मला सांगितलं, मुंबईत एक संस्था आहे, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचीच. गाणं जिथं जिथं वाजतं तिथून पैसा गोळा करते आणि ज्यानं गायलं, वाजवलं त्याला त्याचा वाटा देते. त्याला रॉयल्टी म्हणतात. मी लगेच फोन लावला. फोनवरची बाई गोड होती, पण नियमाची पक्की. म्हणाली, "ताई, रेकॉर्डवर नाव दुसऱ्यांचं आहे. ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांनी लिहून द्यायला हवं की हा आवाज त्यांचा नाही. त्याशिवाय तुमच्या वडिलांच्या नावावर गाणं चढणार नाही."

पैसा काय, चहापाण्याला पुरला तरी बास होतं. मला नाव पाहिजे होतं. अण्णांची सत्तरी उलटलीय, दम लागतो, आता गाणं होत नाही. उद्या ते नसतील आणि गाणं वाजतच राहील, दुसऱ्याच्या नावानं. ते मला सहन होणार नव्हतं. हे अण्णांना सांगितलं तर जन्मात पहिल्यांदा माझ्यावर हात उगारला त्यांनी. "वस्तादाचं नाव खोडायला निघालीस? आन् त्या माऊलीच्या दारात जाऊन? खबरदार!"

वस्तादांना मूलबाळ नाही. वारस एकच, त्यांची बायको. पालीत एकटीच राहते. अण्णा दर दिवाळीला लुगडं घेऊन जातात, पाया पडतात आणि परत येतात. आता तिला जाऊन सांगायचं, की तुमच्या मालकाच्या नावावरचं गाणं आमचं आहे, तसं लिहून द्या. मला काय लाज वाटत नव्हती? वाटत होती. तरी गेले. बीडला कागदाची रिमं आणायला जाते म्हणून घरात थाप मारली आणि बीडहून पालीची गाडी धरली.

आजी ओसरीत तूर पाखडत होती. वाळून कोळ झालेली, पण नजर अशी, की खोटं बोलायची छाती होऊ नये. मी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता हाकलते.

"लाव फोन तुज्या बापाला," ती म्हणाली. "म्हणावं, असशील तसा ये."

अण्णा दोन तासांत हजर. दारातच चपला काढून उभे. मला बघितलं आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. "माय, ह्या पोरीनं काय बोललं आसंल तर पदरात घाल. आमाला काय नगं. नाव वस्तादाचंच ऱ्हाऊ दे."

"गप बस, मेल्या!" आजी कडाडली. एवढ्याशा देहात एवढा आवाज कुठून आला कुणास ठाऊक. "मोटा आला नाव देणारा. ते गेले आन् महिन्यानं ती कॅसेट आली. मी गळ्यातली पोत मोडून टेप आणला. का? तर मालकाचं नाव हाय, मालकाचा आवाज आसंल. दार लावून घेतलं आन् टेप लावला. सहाच्या सहा गाणी ऐकली. समदीकडं तूच! मला तुजा आवाज काय करायचाय? तू तर दर दिवाळीला येतूस."

अण्णांनी मान खाली घातली.

"आन् लोक मला म्हणतेत, म्हातारे, तू नशिबाची, तुज्या मालकाचा आवाज तरी मागं ऱ्हायला. मी हाव म्हणती. काय सांगू त्यायला? नाव त्यांचं, आवाज तुजा. आन् माज्याजवळ काय? कायबी न्हाई." ती माझ्याकडं वळली. "आण पोरी तुजा कागद. खोड ते नाव."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आमच्या अण्णांच्या भक्तीनं या बाईला इतकी वर्षं काय दिलं होतं, हे मला त्या वेळी कळलं. कागद काढायला माझा हात पिशवीत जाईना.

तेवढ्यात अण्णा हळूच म्हणाले, "माय, ते हायत त्याच्यात."

"कुटं?"

"माज्या मागं." अण्णा म्हणाले. "त्या दिशी वस्तादाचा घसा पार बसलता. आत गेलो आन् ते मला म्हणले, तू पुडं हो, मी झील धरतो."

शाहिरीत पुढचा गातो आणि मागं उभे असलेले 'जी जी रं जी' करत त्याचा सूर धरून ठेवतात, ती झील. झीलकरी होणं हे शिकाऊ शिष्याचं काम. त्या दिवशी वस्ताद ते काम करायला आपल्या शिष्याच्या मागं जाऊन उभे राहिले होते.

"गुरूनं माज्या मागं झील धरली, माय. आन् नाव विचारल्यावर मी माजं सांगू? त्यायला 'आणि साथी'त घालू? जीभच रेटली न्हाई."

"मग मेल्या, मला सांगायला काय धाड भरलती?"

"त्यायनी शपत घातलती. म्हणले, मी मागं उबा ऱ्हायलो ते घरी कळू दिऊ नगं. तिला वाईट वाटंल."

अण्णांनी माझ्याकडं हात केला. "शेवटचं गाणं लाव," म्हणाले. मी फोनवर कॅसेटमधलं शेवटचं गाणं लावून दिलं. एका जागी ढोलकी थांबते आणि नुसती झील उरते, तिथं अण्णांनी बोट वर केलं. तीन-चार आवाज होते. त्यात एक फाटका, घोगरा, सगळ्यांच्या मागून येणारा. हे गाणं मी आयुष्यात हजार वेळा ऐकलंय, पण तो आवाज मला कधी ऐकू आला नव्हता.

आजीला पहिल्या 'जी'लाच कळलं. तिनं माझं मनगट धरलं.

"कफ झालाय बग," ती म्हणाली. "सकाळी काढा करून दिलता. गाडी चुकंल म्हणून तसाच टाकून गेले. माजं ऐकून काढा घेतला आसता, तर नीट गायले आसते." मग ती अण्णांवरच खेकसली, "आन् तुला दिसत नव्हतं का रं, घोटभर गरम पाणी द्यायचं त्यायला!"

"चुकलं माय," अण्णा म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

मी जमिनीवर बसून फॉर्म भरला. त्यात मुख्य गायकाचा रकाना वेगळा असतो आणि मागं गाणाऱ्यांचा वेगळा. मागं गाणाऱ्यालाही त्याचा हक्क आहे, हे फोनवरच्या बाईनं सांगितलं होतं, पण मला त्याचा उपयोग पडेल असं वाटलं नव्हतं. पुढं अण्णांचं नाव लिहिलं. मागच्या रकान्यात वस्तादांचं. आजीनं दोन्हीवर बोट फिरवून कुठलं कुठं आहे ते विचारून घेतलं आणि सही केली, एकेक अक्षर दाबून.

"झालं ना तुजं काम?" ती म्हणाली. "मग आता ते परत लाव."

मी लावलं. परत लावलं. चारदा झालं, पाचदा झालं. अण्णा तिच्या पायाशी बसून आपलंच गाणं ऐकत होते, आणि दोघांपैकी कुणीच पुढचा गळा ऐकत नव्हतं.

"आवाज वाढव की गं," आजी म्हणाली.

आवाज पूर्णच होता. मी वाढवल्यासारखं केलं आणि फोन तिच्या कानाला लावून धरला.