मूळचे कुठले?

आमच्या मंडळीत जात नव्हती. असं सगळेच सांगायचे, आणि सांगताना छाती फुगवायचे. फक्त एक प्रश्न होता. नवीन कुटुंब उपासनेला आलं की हसून सलाम व्हायचा, पोरांच्या गालांना हात लागायचा, आणि मग हळूच यायचं, "मूळचे कुठले तुम्ही?" विचारणाऱ्याला गाव नको असायचं, गावातली आळी हवी असायची. आजही कुणी गोड आवाजात असं विचारलं तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि म्हातारी आता काय बोलून बसते म्हणून सुना घाबरतात.

घाटकोपरला तेव्हा आमचं स्वतःचं चर्च नव्हतं. एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी बाकं सरकवून उपासना व्हायची, पाळकसाहेबांच्या डोक्यावर पाढ्यांचा तक्ता लटकत असायचा. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. मी मॅट्रिकला, आणि ताई, माझी मोठी बहीण, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. तिचा गळा चांगला, म्हणून ती गायनाच्या तालमीला जायची, आणि तिथंच तिचं जमलं. मुलगा पेटी वाजवायचा. तो मंडळीच्या मुख्य पंचांचा मुलगा होता.

मंडळीचा कारभार पंच बघायचे. पाळकसाहेबांना ठेवायचं की दुसरे आणायचे, हेसुद्धा या मुख्य पंचांच्या मर्जीवर होतं. त्यांचे आजोबा पुण्याकडचे ब्राह्मण. ख्रिस्ती झाले म्हणून घरच्यांनी त्यांना हाकलून दिलं होतं, आणि ही गोष्ट पंच दर नाताळात डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. आजोबांनी जे सोडलं ते नातवानं मात्र जिवापाड जपून ठेवलं होतं.

लग्न ठरलं की आमच्यात तीन रविवार मंडळीपुढे सूचना वाचतात. पहिल्या रविवारी ताईचं नाव वाचलं गेलं तेव्हा आईनं पदरानं डोळे टिपले. त्याच आठवड्यात पंच आमच्याकडे चहाला आले. इकडचं तिकडचं झालं आणि प्रश्न आला.

"मूळचे कुठले तुम्ही?"

"नगरकडचे," बाबा म्हणाले. जन्मभर त्यांनी एवढंच उत्तर दिलं होतं आणि ते पुरलं होतं.

"नगर जिल्हा मोठा आहे हो. गावात पाणी कुठून भरायचात?"

बाबांनी बशी तशीच हातात धरली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, गप्प बसायची होती. पण आता गप्प बसूनही भागण्यासारखं नव्हतं. "नदीच्या वाळूत झिरा खणायचो," ते म्हणाले. "विहिरीवर आमच्या लोकांना येऊ देत नव्हते."

"अस्सं," पंच म्हणाले. चहा मात्र त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत संपवला. तेवढे ते ख्रिस्ती होते.

पुढच्या रविवारी सूचना वाचली गेली नाही. उपासनेनंतर बाबांनी विचारलं तर पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "जरा थांबू या. प्रीतीनं घ्या." हेच पाळकसाहेब! दारूबंदीचे दिवस होते ते. खाडीकडे जाऊन हातभट्टीची पिणाऱ्या एका गड्याला त्यांनी भर उपासनेत उभं करून झाडलं होतं. सिनेमा आणि पावडर या दोन पापांवर बोलताना तर त्यांच्या आवाजानं खिडक्यांची तावदानं हलायची. पण हे पाप इस्त्रीचा कोट घालून पहिल्या बाकावर बसत होतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला प्रीती आली.

आणि आमचे बाबा! "चालायचंच," ते घरी येऊन म्हणाले. "आपण वाद घालू नये. आपण प्रीतीनं राहावं." पंचांपेक्षाही मला त्या दिवशी बाबांचा राग आला. पंचांची जात जात नव्हती, ठीक. पण बाबांनी मूग गिळून का बसावं? कारण गप्प बसण्याचा भार बाबांवर पडत नव्हता, तो ताईवर पडत होता. सूचना मध्येच थांबली म्हणजे पोरीत काहीतरी खोट असणार, अशी कुजबुज बायकांत सुरू झाली होती. कुणी तिच्या पोटाकडे बघायचं. शाळेत तिनं पेढे वाटले होते, तिथं रोज नवी सबब सांगावी लागायची. ताई तालमीला जायची बंद झाली.

त्या महिन्यात प्रभुभोजन होतं. भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं जाऊन सलाम करावा आणि मन साफ करावं, अशी आमची रीत. पंच उठले आणि दोन्ही हात पुढं करून, सगळ्यांना दिसेल असं हसत, आमच्या बाकापाशी आले. बाबांचा हात निघालाच होता. आईनं आपले हात पदराखाली घेतले.

"भाऊ, सलाम घेते. आधी सांगा, सूचना का थांबवली?"

"बाई, ही का जागा आहे?"

"हीच जागा आहे. माझ्या लेकीत खोट आहे असं इथंच बसून बोलतात सगळे. खोट कुणात आहे ते तुम्ही सांगा. आम्ही महारवाड्यातले, म्हणूनच ना?"

तो शब्द आमच्या घरातसुद्धा कधी उच्चारला गेला नव्हता. पंचांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "आपण ख्रिस्ती माणसं," ते म्हणाले. "मनात प्रीती हवी."

"प्रीती आहे म्हणून तोंडावर सांगतेय. नसती तर गेटापाशी चार बायकांत सांगितलं असतं. हे पाप आहे, भाऊ. ते टाका आणि मग भाकर घ्या. मी स्वतः उठून तुम्हांला सलाम करीन."

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीताचा नंबर सांगितला. आणि पेटी कुणी वाजवली? त्यानंच! मान खाली घालून, एक सूर न चुकता त्यानं सगळी कडवी वाजवली. गाण्याच्या आडोशानं पंच आपल्या जागेवर जाऊन बसले, आणि भाकरीचं ताट आलं तेव्हा त्यांनी भाकर घेतली.

दुसऱ्या दिवशी तो ताईला शाळेच्या फाटकावर भेटला. म्हणाला, "अगं, आई रागाच्या भरात काहीतरी बोलल्या म्हणू. तुम्ही मूळचे मराठे असं सांग ना. नगरला कोण जातंय बघायला? बाबांचं मी बघतो, सगळं झकास होईल."

"मग त्या मराठ्याच्या मुलीलाच शोध रे," ताई म्हणाली. "मी ती नव्हे."

हे तिनं घरी येऊन चपला काढता काढता सांगितलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून ती इतकी रडली की आईला काय करावं सुचेना. तिला तो खरंच आवडत होता. ही गोष्ट त्या सगळ्या प्रीतीवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

त्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले. मंडळी फुटेल, म्हणाले. बाईंचा मुद्दा बरोबर असेलही, पण रीत चुकली, तेव्हा त्यांनी पंचांची क्षमा मागावी. बाबा मान डोलवत होते, ताई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी, "चला, प्रार्थना करू," असं म्हणून पाळकसाहेबांनी डोळे मिटले, तेव्हा आई म्हणाली, "आज मी करते."

"प्रभू, पंचभाऊंना जवळ घे. त्यांचे गुडघे दुखतात, ते बरे कर. त्यांच्या घरात सुख दे. त्यांच्या पोराला पाठीचा कणा दे. आणि भाऊंना लाज दे, प्रभू. ती मिळाल्याशिवाय त्यांची सुटका नाही. आमच्या पाळकसाहेबांना जीभ दे. माझ्या मालकालाही दे. मला या सगळ्यांचा फार राग येतो. त्यातलं माझं असेल ते काढून घे, तुझं असेल ते राहू दे."

ती थांबली. आता पाळकसाहेबांनी आमेन म्हणायचं होतं. त्यांनी डोळे उघडले आणि कोटाची बटणं लावायला घेतली. बाबांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मलाही म्हणता येईना, कारण लाजेपाशी मी आईच्या बरोबर होते पण त्या सुखापाशी माझे दात आवळले गेले होते, आणि खरं सांगायचं तर ते अजून सुटलेले नाहीत. ताईनं नाक पुसलं, आमच्याकडे तोंड वळवलं आणि शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ती आमेन म्हणाली.