सज्ज्याखालचा माणूस

तो फोन मला आजही शब्द न् शब्द आठवतो.

नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या डोंगरावर निसर्ग पर्यटनाचं काम जोरात चाललं होतं. जंगलातून पायवाटा काढल्या होत्या, गावातल्याच लोकांना मार्गदर्शक म्हणून तयार केलं होतं आणि पायथ्याशी पर्यटकांसाठी देखणं माहिती केंद्र उभं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होतं. ठाण्यातली निम्मी माणसं बंदोबस्ताच्या तालमीला गेलेली, म्हणून दुपारी आलेला फोन मीच उचलला.

"साहेब, डोंगरात माणूस मरून राहिला. त्या सेंटरवाल्याले सकाळीच सांगतलं. कोणीच येऊन नाही राहिलं. तुमी तरी या."

"कुठे? तुम्ही कोण बोलता?"

फोन कटला. उलट लावला तर बंद.

माझा जन्म नागपूरच्या विणकर वस्तीतला. 'मरून राहिला' म्हणजे मरतो आहे, हे मला कोणी सांगावं लागत नाही. आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे आणि 'येऊन राहिलो' म्हणजे वाटेत आहे. डोंगरात एक माणूस जिवंत होता आणि त्याच्याकडे फार वेळ नव्हता.

ठाणे दैनंदिनीत नोंद केली. रुग्णवाहिका पायथ्याशी बोलावली, वनविभागाला कळवलं. जीपमध्ये दोर, पाणी, टॉर्च टाकून हवालदाराला बरोबर घेतलं. गाडी निघाल्यावर काय विसरलं ते आठवत बसणं मला जमत नाही.

केंद्रावर मांडव लागत होता. प्रकल्पाचे व्यवस्थापक पुण्याकडचे. दोन वर्षांपासून इथेच राहत होते, वागायला अतिशय सभ्य.

"फोन? मला कुठलाही फोन नाही आला, साहेब."

हवालदारानं मार्गदर्शकांची हजेरी घेतली. एक जण कमी होता.

"तो सुट्टी मागून घरी गेला," व्यवस्थापक म्हणाले.

हवालदार मोटरसायकलनं गावात जाऊन आला. घरी फक्त बायको होती. ती म्हणाली, "ते तं सकाळीच सेंटरवर गेले. काहून, काय झालं जी?" हवालदारानं तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याचा चेहरा उतरला होता.

डोंगरावर चार पायवाटा. प्रत्येकीवर दऱ्या, आणि बिबट्याचा वावर. चारी वाटा धुंडाळेपर्यंत अंधार पडला असता. मी व्यवस्थापकांना मांडवाबाहेर नेलं.

"एक माणूस वर जखमी आहे. कोणत्या वाटेवर, एवढंच सांगा."

"साहेब, उद्या मंत्री येत आहेत. कार्यक्रम होऊ द्या, मग आम्ही स्वतः शोधाशोध करू. गेलेल्या माणसासाठी आज सगळं थांबवणं..."

"मी जखमी म्हणालो. गेला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी रुमाल काढला. तोंड पुसून होईपर्यंत मी थांबलो. अशा वेळी दुसरा प्रश्न टाकला की समोरच्याला सुटायला फट मिळते.

"सकाळी फोन आला होता," ते शेवटी म्हणाले. "'माणूस मरून राहिला' असं तो म्हणाला. मला वाटलं, मेला आहे आणि तिथेच पडून राहिला आहे. आमच्याकडे तोच अर्थ होतो, साहेब."

"जागा?"

"वरचा सज्जा."

कड्याच्या टोकावर, दरी पाहण्यासाठी, नवा सज्जा बांधला होता. आम्ही धावतच वर गेलो. कठडा एका बाजूनं उखडून खाली लोंबकळत होता. खांबांच्या बुडाचं काँक्रीट हातानं भुगा होत होतं. अर्धी बांधलेली झेंडूची माळ वाऱ्यावर हलत होती.

हवालदार पोटावर झोपून खाली वाकला आणि ओरडला, "काय गा! जिता आहेस का?"

खालून, घशात खरवडल्यासारखा आवाज आला.

"नाही बे. भूत बोलून राहिलं. पाणी टाक आधी."

हवालदार मोठ्यानं हसला आणि हसता हसताच डोळे पुसू लागला. धावड्याच्या एका वाकड्या झाडानं मार्गदर्शकाला अडवून धरलं होतं. पाय भलत्याच दिशेला वळलेला, कपडे रक्तानं चिकटलेले. मागून आलेल्या वनरक्षकांनी दोरानं खाली उतरून त्याला वर घेतलं आणि गावातल्या खाटेवर बांधून पायथ्याशी नेलं. डॉक्टर म्हणाले, रात्र बाहेर काढली असती तर वाचला नसता.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं नाही. व्यवस्थापक ठाण्यात माझ्यासमोर बसले होते. कालचंच उत्तर त्यांनी नीट घोटून आणलं होतं.

"हा भाषेचा गोंधळ आहे. मी बाहेरचा माणूस. मला खरंच वाटलं, तो मेला आहे."

हे उत्तर न्यायालयात टिकलं असतं. एखाद्याला एक शब्द कळला नाही, याला पुरावा कसला आणणार? मी वाद घातला नाही. म्हटलं, "तुमच्या ड्रायव्हरला फोन लावा. गाडीची कागदपत्रं घेऊन यायला सांगा. स्पीकरवर ठेवा."

त्यांनी लावला. पलीकडून आवाज आला, "सर, नाश्ता करून राहिलो. येऊ का लगेच?"

"नको, खाऊन घे. मग ये."

फोन ठेवला. मी विचारलं, "त्याचा नाश्ता झाला का?"

"नाही, अजून करतो..."

ते मध्येच थांबले. हवालदारानं लिहिता लिहिता मान वर केली.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. उद्घाटनाची तारीख गाठायला सज्ज्याचं काम घाईत उरकलं होतं. कठडा हलतो, असं मार्गदर्शकानं दोनदा सांगितलं होतं, तरी माळा बांधायला त्यालाच पाठवलं. जिवंत माणूस खाली आणला असता तर तो बोलला असता, आणि सज्ज्यासकट सगळा कार्यक्रम बंद पडला असता.

"मला वाटलं, संध्याकाळपर्यंत तो तसाही..." ते म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही. मीही करायला लावलं नाही.

फोन करणारा माणूस मोबाईल क्रमांकावरून सापडला. तो बकऱ्या चारणारा होता. पर्यटनासाठी चराई बंद केलेल्या भागात तो कळप घेऊन गेला होता, म्हणून त्यानं नाव लपवलं होतं.

"तरी दोनदा फोन काहून केला?" मी विचारलं.

"मंग काय करू जी? माणूस होता ना तो."

त्याच्या चराईकडे पाहू नये, अशी विनंती मी वनविभागाला केली. त्यांनी ती मान्य केली. पुरावा देणाऱ्याची बारीकशी चूक आधी पकडली, तर तो पुन्हा कधी तोंड उघडत नाही. त्याच्या जबाबावर आणि उखडलेल्या कठड्यावर दोषारोपपत्र उभं राहिलं. व्यवस्थापकांना आणि काम करणाऱ्या ठेकेदाराला शिक्षा झाली.

निवृत्तीनंतर मी एकदा त्या केंद्रावर गेलो. सज्जा पाडून टाकला आहे. मार्गदर्शकाचा पाय वाकत नाही, डोंगर चढणं संपलं. आता तो केंद्रात बसून पर्यटकांना भिंतीवरच्या नकाशावर जंगल दाखवतो. चहा पिताना त्यानं हळूच विचारलं, "साहेब, एक सांगा. फोनवर त्या म्यानेजरले बातमी भेटली तवा त्यानं इचारलं का, कोण पडला म्हणून?"

बकरीवाल्याचा जबाब मीच नोंदवला होता. व्यवस्थापकांनी त्याला एकच प्रश्न केला होता: "आणखी कोणी पाहिलं का?"

मी तो तसाच सांगितला. मार्गदर्शकानं अर्धा कप चहा तसाच बाजूला सरकवला.

कोणाला काय कळलं आणि काय कळलं नाही, यावर मी नोकरीत खूप डोकं फोडलं. या प्रकरणानंतर माझी पद्धत बदलली. वाईट बातमी मिळाल्यावर माणसानं सर्वांत आधी काय विचारलं, ते मी आधी शोधू लागलो. त्याला बातमी किती कळली होती, ते बहुतेक वेळा तिथेच सापडायचं.