अंगात ताप असेल तर चढू नका

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले, हे आधीच कबूल करते. अमक्याला वडाखाली पांढरी साडी दिसली, तमक्याच्या गाडीत मागच्या सीटवर कुणीतरी येऊन बसलं... मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. पोरांनी वर्गात असलं काही काढलं की पुरावा दाखव म्हणते आणि दाखवता आला नाही तर बाकावर उभं करते. त्यामुळे माझं वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. फक्त पूर्ण वाचा आणि मग हसा.

मी धारूरची. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरावर वसलेलं गाव, आणि गावाला खेटून किल्ला. तीन बाजूंना दरी, गावाच्या बाजूला खंदक. आमच्याकडे बाहेरचे लोक येतात ते खवा न्यायला, नाहीतर सीताफळं न्यायला. किल्ला बघायला आलाच कुणी तर दरवाज्यात फोटो काढतो आणि परत जातो, कारण आत काय आहे हे सांगायला कुणी नाही. म्हणून आम्ही दोघी-तिघी शिक्षिकांनी मिळून पायी फिरायची एक वाट आखली. जुन्या पेठेतून निघायचं, खंदकाच्या कडेनं दरवाज्याशी यायचं, आत पाण्याचे हौद बघायचे आणि शेवटी रुंद पायऱ्यांच्या जिन्यानं तटावर चढायचं. म्हाताऱ्या माणसालाही दम लागू नये अशी. नावच ‘सोपी वाट’ ठेवलं. प्रत्येक टप्प्यावर एक छोटी पाटी, पाटीवर क्यूआर कोड. मोबाईल धरला की त्या जागेची माहिती कानात ऐकू येते.

त्यातला आवाज माझ्या धाकट्या बहिणीचा, रेखाचा.

रेखा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तरी वडिलांनी तिला शिरूर कासारकडच्या एका घरात दिली. घर चांगलं आहे म्हणाले. चांगलं म्हणजे काय, तर दरवर्षी दसरा झाला की अख्खं घर ऊस तोडायला जायचं. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम उभा करत नाही. रेखा त्या घरात सून म्हणून गेली की अर्धा कोयता म्हणून, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता. मला तोंडाळ म्हणाले.

पावसाळ्यात ती माहेरी आली होती तेव्हा शाळेच्या एका खोलीत खिडक्या लावून आम्ही रेकॉर्डिंग केलं. शेजारच्या गिरणीचा आवाज थांबेपर्यंत ताटकळत बसलो. शेवटच्या टप्प्याचा मजकूर मीच लिहिला होता – “हा जिना रुंद आणि सोपा आहे. वर गेल्यावर दरी दिसते. सावकाश चढा.” एवढाच. तो वाचून झाल्यावर रेखा फिसकन हसली. ते हसू आम्ही तसंच राहू दिलं.

त्याच हंगामात ती गेली. ट्रक भरताना फळीवरून पडली. डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढावं लागतं, आणि पहाटेच्या दवानं फळी ओली असते. पाय घसरला, असं तिच्या नवऱ्यानं, भागवतनं सांगितलं. मुकादमानं गाडी करून मयत घरी पोचवलं, म्हणून चार माणसांत त्याचे आभार मानले गेले. आभार! मी उठून आत गेले.

पुढच्या श्रावणात मला लातूरच्या एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. पाटीवर माझा नंबर आहे. म्हणाले, “मॅडम, वाट फार छान केलीत. आणि जिन्याजवळची ती सूचना तर फारच आवडली. मला सकाळपासून कणकण होतीच. ती बाई म्हणाली तसा खाली बसून राहिलो.”

“कसली सूचना?”

त्यांनी जशी ऐकली तशी म्हणून दाखवली – “अंगात ताप असंल तर वर चडू नका. हितंच बसा. कुनी काई म्हनलं तरी बसा.”

मी म्हटलं, काका, तुम्हाला तापात भास झाला असेल. ते जरा दुखावले. पण मला खरं तर त्यांचाच राग आला होता. अशी वाक्यं मी लिहिलेली नाहीत आणि पाटीवरच्या आवाजात रेखा अशी बोलतही नाही. तिथे ती पुस्तकी मराठी वाचते. असं ती फक्त घरात बोलायची.

मग अंबाजोगाईहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी जिन्याशी बसली ती उठेना. “ती ताई बस म्हणते,” म्हणाली. आईनं तोच मोबाईल स्वतःच्या कानाला लावला तर नेहमीचंच – सावकाश चढा. मुलीच्या कपाळाला हात लावला तर कपाळ तापलेलं. हे त्या बाईंनी मला घरी येऊन सांगितलं. लातूरच्या काकांशी त्यांची ओळख असायचं कारण नाही.

मी रेकॉर्डिंग तपासलं. ज्या मैत्रिणीनं ते इंटरनेटवर चढवलं होतं तिलाही तपासायला लावलं. त्यात काहीही बदललेलं नव्हतं. मग मी शाळा सुटली की तिथे जाऊन उभी राहू लागले. मोबाईल कानाला दाबून पुन्हा पुन्हा ऐकायचे. सावकाश चढा आणि ते फिसकन हसणं, बास. एकदा मला स्वतःला चांगला ताप भरला होता, तेव्हा मुद्दाम गेले. रिक्षावाला म्हणाला, बाई, घरी जाऊन झोपा. तरी गेले. मला काही ऐकू आलं नाही. परक्या माणसांची एवढी काळजी, आणि सख्ख्या बहिणीला दोन शब्द नाहीत – मी तिथे पायरीवर बसून तिला मोठ्यानं शिव्या दिल्या.

पण त्या सूचनेत ताप कुठून आला? रेखाला ताप होता असं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. तिच्या टोळीतली गयाबाई आमच्या आठवडी बाजारात सीताफळं विकायला बसते. मी तिच्यासमोर जाऊन सरळच विचारलं, “गयाबाई, रेखाला ताप होता का?”

तिच्या हातातलं फळ हातातच राहिलं. “तुला कुनी सांगितलं?”

“होता का?”

“व्हता, आक्का. अंग नुसतं भाजत व्हतं पोरीचं. बस म्हनलं तर मुकादम म्हनायचा, गाडी कुनी भरायची? अन् तुमचा जावई म्हनला, नाटकं करती.”

“मग इतके दिवस बोलली कावून नाहीस?”

ती सीताफळं नीट रचायला लागली. “मला बी औंदा त्याच टोळीत जायचं हाय.”

तिच्यावर तरी कसलं रागवायचं...

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी भागवत नव्या बायकोला घेऊन आमच्या दारात आला. वर्ष व्हायच्या आत त्यानं लग्न केलं होतं, कारण पुढच्या हंगामाला कोयता पूर्ण हवा. आमच्याकडे दुसरेपणाची बायको पहिलीच्या माहेरी येते, पहिलीची आई तिची ओटी भरते आणि लेकीच्या जागी लेक मानते. मी आईला म्हटलं होतं, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. आई म्हणाली, “त्या पोरीनं काय केलंय?”

पोरीनं खरंच काही केलं नव्हतं. संगीता नाव. विशीतली, काटकुळी, गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक घातलेला. आईनं ओटी भरली आणि तिला कवटाळून रडत बसली. भागवत बाहेर ओट्यावर तंबाखू मळत होता. त्याला घाई होती, दोन दिवसांनी टोळी निघणार होती.

आईच बोलून गेली, “माझ्या रेखाचा आवाज हाय किल्ल्यावर.” संगीता माझ्याकडे बघून म्हणाली, “मला ऐकायचा, आक्का.” भागवतला ते पसंत नव्हतं, पण सासूसमोर नाही म्हणता येईना. तोही मागून आला. म्हणाला, “मी न्हाई ऐकायचो काई.”

भर दुपार होती. स्वच्छ ऊन, किल्ल्यात गवत कापणाऱ्या बायका, कुठेही अंधार नाही की वारा सुटलेला नाही. संगीता माझा मोबाईल कानाला लावून प्रत्येक टप्पा मन लावून ऐकत होती. तिला मी काही म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं, देवाशप्पथ. आईलाही त्या सूचनेचं माहीत नव्हतं. जिन्याशी आलो. तिनं ऐकलं, पहिल्या पायरीवर बसली आणि मोबाईल मांडीवर ठेवला.

“ऊठ की,” भागवत म्हणाला. “वरून दरी दिसती.”

“मी न्हाई चढत.”

“कावून?”

“ताई बस म्हनल्यात. कुनी काई म्हनलं तरी बस म्हनल्यात.” मग अगदी हळू, माझ्याकडे बघून, “अंगात ताप हाय माझ्या. सांगितलं न्हवतं कुनाला.”

मी तिचा हात धरला. तापलेला होता.

भागवतनं मोबाईल हिसकावून घेतला आणि कानाला लावला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला काय ऐकू आलं ते मला माहीत नाही. माझ्यासारखंच नुसतं हसू ऐकू आलं असेल, किंवा आणखी काही. त्यानं मोबाईल पायरीवर ठेवला, आमच्याकडे न बघता किल्ल्याबाहेर पडला आणि एकटाच एस.टी.नं गावाला निघून गेला.

ताप उतरेपर्यंत संगीता आमच्याकडे राहिली. मग तो तिला न्यायला आला. मी तिला आत नेऊन म्हटलं, जाऊ नकोस. आपण काहीतरी मार्ग काढू. ती म्हणाली, “न जाऊन कुठं जाऊ, आक्का? माझा बाप मला दारात उभा करायचा न्हाई.” ती गेली. तोच मुकादम, तीच टोळी.

तर असं आहे. मी इतिहासाची शिक्षिका, माझ्याकडे पुरावा नाही. रेकॉर्डिंग जसंच्या तसं आहे, कुणीही येऊन तपासावं. तापात माणसाला भास होतात हे मलाही कळतं, पण तिघांना तोच भास कसा होतो, आणि रेखाला ताप होता हे आम्हाला कळायच्या आधी त्या लातूरच्या काकांच्या कानात तापाची सूचना कुठून आली? ज्याला सांगता येईल त्यानं सांगावं. देवऋषी वगैरे सुचवू नयेत.

परवा संगीताचा उसाच्या फडावरून फोन आला. मागे ट्रकची घरघर चालू होती.

“आक्का, रातच्याला ताप भरला. सकाळी गाडी भरायची व्हती. मी बसले.”

“मग?”

“मुकादम लई बोलला. मी काई उठले न्हाई.”

“आणि भागवत?”

“ते उभे व्हते समोरच. काई म्हनले न्हाईत. माझ्या वाटच्या मोळ्या त्यांनीच चढवल्या.”

मी तिला गोळी घे, पाणी पी, असं काहीबाही सांगितलं आणि फोन ठेवला. आईनं विचारलं, बरी हाय का पोरगी? बरी आहे म्हटलं. मग मागच्या दारी जाऊन एकटीच उभी राहिले.

म्हणजे दोघांच्या मोळ्या त्याला एकट्याला चढवता येतात. गेल्या वर्षीही आल्या असत्या.