पाव्हण्यांना जुन्नर दाखवून आणा

“तुमी व्हा म्होरं, पाव्हणं. मी आलोच,” असं म्हणून तात्या गडाच्या पहिल्याच पायरीवर बसत आणि बुटाची नाडी सोडत. सुटलेली नाडी बांधणारी माणसं तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. घट्ट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधणारा माणूस मी हा एकच पाहिला. नाडी बांधून होईतो पाहुणे वीस-पंचवीस पायऱ्या वर गेलेले असत. मग तात्या सावकाश उठत आणि त्यांच्या मागून चालू लागत.

तात्या एसटीतले निवृत्त कंडक्टर. मी जुन्नरला ज्या घरी मुलगी बघायला गेलो, त्या घराचे शेजारी. त्या आळीत एक पद्धतच होती. कुणाकडे स्थळ आलं, पोहे-चहा उरकला, की घरचा कर्ता म्हणायचा, “तात्या, पाव्हण्यांना जरा जुन्नर दाखवून आणा.” पाहुणे खूश! मीही झालो. पुण्यात आमच्याकडे कुणी आलं तर आम्ही त्याला फार तर बसस्टॉप दाखवतो.

खरं सांगतो, तोवर जुन्नर म्हणजे माळशेजला धबधबे बघायला जाताना लागणारं गाव, एवढीच माझी माहिती. सोबत होती आत्या. आईवडलांच्या मागे मला तिनंच वाढवलेलं. मुलगी जवळच्या आळे गावच्या शाळेत गणित शिकवायची. गच्चीवर दहा मिनिटं बोललो. त्यात ती तीनदा हसली, त्यापैकी दोनदा मला. माझं तर तिथंच ठरलं होतं. आता फक्त छाप पाडायची होती.

आधी शिवनेरी. तात्या नाडीला बसले आणि मी घड्याळ लावून सुटलो. सात दरवाजे म्हणजे सात स्टेशनं असल्यासारखा मागे टाकत शिवजन्मस्थानापाशी पोचलो, फोटो काढले, उतरलो. “चाळीस मिनिटं!” मी खाली येऊन सांगितलं. आत्या दुसऱ्या दरवाजाशी गुडघा चोळत बसली होती. तात्या तिच्याजवळ बसून तिला शेंगा सोलून देत होते. “लई झालं,” ते म्हणाले. मला ते कौतुकच वाटलं.

मग लेण्याद्री. तिथं पायऱ्या तीनशेच्या वर आणि माकडं त्याहून जास्त. माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. एक दांडगा वानर कठड्यावरून उतरून समोर उभा राहिला. आता मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी आत्याला दोन्ही खांद्यांना धरलं आणि माझ्या पुढे उभं केलं. आत्यानं पुडा हिसकावून वानराला देऊन टाकला. मागे वळून पाहिलं तर पाच पायऱ्या खाली तात्या. चेहऱ्यावर काही नाही. तिकीट देताना असतो तसा चेहरा.

शेवटी खोडद. तिथल्या शेतांमधून रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. कुठल्या कुठल्या ताऱ्यांची कुजबुज त्या ऐकतात, म्हणून फोन बंद ठेवावे लागतात. सगळ्यांनी ठेवले. मी बंद केल्यासारखं केलं. रखवालदार समजावून सांगत असतानाच माझा खिसा ‘गणपती आला’ म्हणून वाजायला लागला. “घ्या की,” तात्या म्हणाले. “तिकडच्यांनी बी ऐकलं आसंल, कोण आलंय ते.”

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे घरी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी त्या मुलीचाच मेसेज आला. “तुम्हाला तात्यांनी नापास केलंय. गड, लेण्याद्री, खोडद, तिन्ही विषयांत. माझी हरकत नव्हती. पण तात्या नको म्हणाले की बाबा पुढे जात नाहीत.” तेव्हा मला कळलं, की जुन्नर आम्हाला दाखवलं नव्हतं, आम्हाला जुन्नरमध्ये बघितलं होतं.

रविवारी एकटाच गेलो. तात्या ओसरीवर लसूण निवडत होते. आतल्या खोलीत त्यांची मुलगी शिलाई मशीनवर बसली होती. तिनं पाणी आणून दिलं आणि परत मशीनकडे गेली.

“तात्या, एकदा परत जुन्नर दाखवा.”

“समदं बघितलंय की तुमी. चाळीस मिन्टात.”

“आत्याला पुढे केलं, ते चुकलंच माझं.”

“चुकलं कुटं? माणूस भ्याला का हाताशी आसंल त्याला म्होरं करतो.” त्यांनी एक पाकळी सोलून वाटीत टाकली. “लग्नानंतर हाताशी बायकू आसती, राव.”

उठावं म्हटलं, तर तात्याच बोलू लागले. मघापेक्षा हळू आवाजात, आतल्या खोलीकडे बघत.

“तोंड काय, समदेच धुऊन येत्यात. माणूस मागनं बघावा. हिच्या टायमाला बी मी पाव्हणं गडावर न्हेलं व्हतं. तवा समद्यांच्या म्होरं मीच. हितं ह्ये झालं, तितं त्ये झालं. लई बोललो. यकदा बी मागं वळून बघितलं न्हाई.”

आतली मशीन थांबली होती. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. ती मुलगी लग्नानंतर दोन वर्षांत अंगावर वळ घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही, हे मला पुढे कळलं.

“आत्या चढतील का गड?” तात्यांनी एकदम विचारलं.

“गुडघे दुखतात तिचे.”

“त्येच इचारतोय.”

“तुम्ही याल बरोबर?”

“मी कशाला? मला गड ठावं हाय.”

पुढच्या रविवारी आत्याला घेऊन चढलो. दर दरवाजाशी ती बसायची, म्हणून मीही बसायचो. बसलं की दिसतं. हत्ती दरवाजाच्या गारव्यात आम्ही घरच्या दशम्या खाल्ल्या. शिवाईच्या देवळात आत्यानं तीन वेळा ओटीचा नारळ सरळ केला. टाक्यांमधलं पाणी थंड का राहतं यावर तिचं माझ्याशी भांडण झालं. वर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. समोर लेण्याद्रीच्या डोंगरात लेण्यांची ओळ, पलीकडे माणिकडोह धरणाचं पाणी, खाली द्राक्षबागांचे चौकोन आणि मधोमध ते लहानसं जुनं गाव. “बाई गं,” आत्या म्हणाली, “आणि आपण इथून नुसते माळशेजला जायचो!”

म्हणून तुम्हाला एकच सल्ला देतो. जुन्नर बघायला जाल तेव्हा पाण्याची बाटली न्या, टोपी न्या आणि गुडघे दुखणारं एक माणूस न्या. त्याशिवाय ते दिसत नाही.

उतरताना आत्या आडवी पावलं टाकत एकेक पायरी उतरली, मी तिच्या खालच्या पायरीवर, तिच्याकडे तोंड करून, पायथ्याला पाठमोरा. पायथ्याला चहाच्या टपरीवर तात्या बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“कसा काय झाला गड, आत्याबाई?”

“गड झकास. हा मात्र दर दोन पायऱ्यांना ‘दमलीस का, दमलीस का’ करून डोकं खातो.”

तात्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला. “पत्रिका परत बघाया सांगतो. जुळंल आता.”

जुळली. लग्नात तात्या मांडवात अगदी शेवटच्या रांगेत बसले होते.

गेल्या वर्षी तात्या गेले. दशक्रियेला कुकडीच्या काठी आळीच काय, अर्धं जुन्नर जमलं होतं. पिंड ठेवले, कावळा काही शिवेना. बाभळीवर सात-आठ बसलेले, पण एकही खाली येईना. भावकीतल्या कुणी झाड लावायचा शब्द दिला, कुणी वर्षश्राद्ध थाटात करायचा. मला वाटलं, तात्यांच्या मनात काय अडकलंय ते आपल्यालाच ठाऊक. पुढे झालो, हात जोडले आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणालो, “तात्या, तुमच्या लेकीला चांगलं स्थळ मी बघतो. पारखून बघतो.”

त्यातला एक कावळा खालच्या फांदीवर होता, तोही उडून आणखी वरच्या फांदीवर गेला.

बायकांतून तात्यांची मुलगी पुढे आली. “व्हा बाजूला, भाऊजी,” म्हणाली. पिंडांपुढं उकिडवी बसली आणि ओसरीवर बसून बोलावं तशी बोलली.

“तात्या, तुमी नुसता गड दाखवला व्हता. लग्नाला व्हय मीच म्हणले व्हते. त्ये वज्जं आता खाली ठिवा. मशीन हाय, दोन पोरी शिकाया येत्यात. मला कुणाला दाखवायचं न्हाई अन् कुणाला बघायचं न्हाई. मी बरी हाय. तुमी निवांत जावा.”

मी नदीकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघण्यासारखी माझी अवस्था नव्हती. कावळा शिवला, हे आत्यानं मला कोपरानं ढोसून सांगितलं.