बर्फावर ठेवलेले पाच फोन

वर्सोव्याच्या मच्छीबाजारात नवी बाई टोपली घेऊन बसली, की तिला आधी एकच गोष्ट शिकवतात. गिऱ्हाईकाने मागायच्या आत माशाचा कल्ला उघडून दाखवायचा. आत लालभडक असलं तर मासा ताजा, आणि नसलं तर उगाच तोंड वाजवायचं नाही. कल्पिता लग्न होऊन आली तेव्हा सासूने, सरूबाईने, तिला हेच शिकवलं. पण कल्पिताचं मन काही टोपलीत रमलं नाही. वर्षभरातच तिने अंधेरी स्टेशनजवळच्या मोबाईलच्या दुकानात नोकरी धरली. तारवा कंपनीचे फोन खपवायचे आणि कंपनीचा निळा टी-शर्ट घालून काउंटरला उभं राहायचं. सरूबाई आठ दिवस सुनेशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "मना पन एक फोन दे."

कल्पिता त्या काउंटरला अकरा वर्षं उभी राहिली. शेवटच्या दोन वर्षांत तारवाची 'झेप' ही फोनची मालिका आली आणि तिने सरूबाईला जुना फोन टाकून झेप घ्यायला लावला. मोठे आकडे, बाजाराच्या कलकलाटात ऐकू येईल असा आवाज आणि ओल्या बोटांनाही दाद देणारा पडदा. कोळणीला आणखी काय हवं? सरूबाईने घेतला म्हणून शेजारच्या शकुने घेतला, आणि शकुने घेतला म्हणून सगळ्या रांगेने. जन्मभर दुसऱ्यांना कल्ला दाखवणाऱ्या या बायांनी कल्पिताकडून फोन घेताना एक प्रश्न विचारला नाही. घरची सून सांगतेय ना, मग झालं. कल्पिताला याचा केवढा अभिमान होता! दुकानात इतर कंपन्यांच्या पोरी गिऱ्हाइकांच्या मागे धावायच्या, आणि हिची गिऱ्हाइकं हिचं नाव विचारत यायची.

मे महिन्यात शकु दुकानात आली.

"कल्पे, यो फोन तव्यावानी तापतंय गं."

कल्पिता दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतली होती. हसत म्हणाली, "मग ठेव ना बर्फावर, शकुमावशी! तुझ्याकडे बर्फाला काय तोटा?"

थट्टाच होती ती. पण फोनवालीने सांगितलं म्हणजे बाजाराला ते औषधच. दुसऱ्या दिवसापासून पापलेटांच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेले फोन निजू लागले. ते गार व्हायचे आणि बाया खूश. हे कल्पिताच्या कानावर आलं, तेव्हा ती पोट धरून हसली. थांबवावं असं काही तिला वाटलं नाही. ते हसू पुढे तिला फार जड गेलं.

पावसाळ्याच्या तोंडावर सरूबाईने आपला फोन हातात घेतला, मासा शिळा आहे का ते दाबून बघावं तसा अंगठ्याने मागून दाबला आणि सुनेपुढे ठेवला. "याचं पोट फुगलंय. शिला हाय यो."

पंधरा दिवसांतच कंपनीची सूचना आली. झेपच्या बॅटरीत दोष होता. मुलुंडला एका घरात चार्जिंगला लावलेल्या फोनने उशी पेटली होती. फोन ताबडतोब बंद करा, आणून द्या, बदल्यात नवा फोन नाहीतर पैसे मिळतील. कल्पिता बाजारभर फिरली, एकेकीची क्षमा मागत फोन गोळा केले आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन दिले. बहुतेकींनी पैसे परत घेतले, पण पाच फोन तसेच परत आले. फोनच्या आत एक पांढरी पट्टी असते, पाणी लागलं की ती लाल होते. पाचांतही ती लालभडक होती. पाणी शिरलेल्या फोनला बदली नाही, असा नियम. त्यात शकुचा होता, सरूबाईचाही होता.

"गाठ नीट नसंल मारली मी," शकु म्हणाली. कल्पिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात एरिया मॅनेजर सुबोध सर दुकानात आले. नवा झेप महिन्याभरात बाजारात यायचा होता. मात्र झेप हे नावच ठेवावं की गाडून टाकावं, यावर वर बैठका चालू होत्या.

"वर्सोव्याच्या बायांनी पुन्हा घेतला ना, तर कुणीही घेईल," ते म्हणाले. "तू फक्त एकदा बाजारात जाऊन सांग, नवा झकास आहे. तुझं ऐकतात त्या."

"आणि ते पाच फोन, सर?"

"ती त्यांची चूक. बर्फावर फोन ठेवतं का कुणी?"

"मी सांगितलं होतं ठेवायला."

सुबोध सरांनी इकडेतिकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "हळू बोल. हे लेखी गेलं तर चूक कंपनीच्या माणसाची ठरेल. त्यांना फोन मिळतील, पण तुझी नोकरी जाईल. कळतंय ना?"

न कळायला काय झालं? तो काउंटर तिने एकटीने कमावला होता. सासूचा रुसवा सोसून, कुणाच्या ओळखीशिवाय. आणि गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. शकु तर स्वतःच्याच गाठीला दोष देत होती. तेच कल्पिताला सोसवेना. तिने दुकानातलाच कागद घेतला आणि उभ्या उभ्या लिहून दिलं.

महिन्याभराने पाच नवे झेप आले. त्याच दिवशी तिने टी-शर्ट धुऊन, घडी करून परत केला. पाचही खोकी घेऊन ती बाजारात गेली आणि रांगेपुढे उभी राहून म्हणाली, "बर्फाचं मी सांगितलं होतं. चुकलं माझं. तुमची काही चूक नव्हती."

 शकुने आपलं खोकं उघडलं आणि फोन उलटासुलटा करून पाहिला. "यो तरी चांगला हाय काय?"

"माहीत नाही, मावशी." अकरा वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले. "वापरून बघ. तापला तर बंद कर आणि मला सांग."

"बरं. महिनाभर बगतंय मी. मंग बाकीच्यांनी घ्यायचा का नाय, ते तू सांग."

"मी आता कंपनीत नाही गं."

"म्हनून तर तुना इचारतंय."

 कल्पिताचे डोळे भरून आले, ते तिने लपवलेही नाहीत. सरूबाईने आपला नवा फोन अंगठ्याने मागून नीट दाबून पाहिला, कमरेला खोचला आणि बसायच्या फळीवर जरा सरकून सुनेला जागा केली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक समोर थांबलं. "सुरमई ताजी आहे का?"

"दाखव त्यांना," सरूबाई म्हणाली.

कल्पिताने सुरमई उचलली आणि कल्ला उघडला.